खिडकीची सीट आणि वाळवंटातल्या वाटा

अंधेरीत राहणाऱ्याला विमानाचे कौतुक फारसे नसते. सहार, मरोळ, साकीनाका, जरीमरी या पट्ट्यातल्या आमच्या वस्त्या विमानांच्या पोटाखालीच वाढल्या. डोक्यावरून विमान जाऊ लागले की सभेतला वक्ता थांबतो, ते गेले की पुढचे वाक्य सुरू करतो, आणि श्रोत्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. चाळीतली पोरे शेपटीवरचा रंग पाहून कंपनीचे नाव सांगतात. मात्र विमानात बसून खाली पाहण्याचा योग आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्याला उशिरा येतो, आणि आला तरी बहुधा दिल्लीचा व बहुधा रात्रीचा. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून जैसलमेरला दिवसा जाणाऱ्या विमानाची तिकिटे हाती आली तेव्हा आम्ही एक गोष्ट पक्की ठरवली. वाळवंटाचे फोटो काढायचे ते वरून. उंटावर बसून काढलेले फोटो काय, सगळ्यांकडेच असतात.

बरोबर आमच्या सौ., कॉलेजात जाणारी लेक आणि आमची आई. आई माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि त्यानंतर लग्न होऊन ती मुंबईला आली. विमानात बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. तेव्हा खिडकीची सीट कोणाची, हा प्रश्न घरात निघालाच नाही. खिडकी आईची, मधली सीट आमची, आणि फोटो काढायचे ते आईच्या खांद्यावरून वाकून. लेक मोबाईल घेऊन पुढच्या रांगेत बसली होती, तिलाही सुदैवाने खिडकी मिळाली. खिडकीच्या सीटसाठी आता वेगळे पैसे मोजावे लागतात आणि ते मोजताना जिवावर येते, हेही सांगून टाकतो.

मुंबई-जैसलमेर ही वाट जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेली. खंबातचे आखात, गुजरातचे मैदान, छोट्या रणाची पूर्व कड, मग बाडमेर आणि जैसलमेर. रण आणि त्यापलीकडचा मुलूख डाव्या हाताला राहतो. सकाळी निघाले तर सूर्य उजवीकडे, म्हणजे आपल्या पाठीशी येतो. म्हणून जाताना डावी बाजू घ्यावी. पंख्याच्या पुढची रांग मिळाली तर उत्तम. पंख्याच्या मागे बसलात की इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेने चित्र थरथरते आणि कितीही चांगला कॅमेरा असला तरी पुसट फोटो येतो.

या वाटेशी आमच्या शेजारचा एक जुना इतिहास जोडलेला आहे. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून एकटेच निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. पुढे एअर इंडिया झाली तिचा उगम त्या उड्डाणात आहे. नकाशावर कराची ते अहमदाबाद रेघ ओढून पाहा, ती कच्छच्या रणावरून जाते. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास तशाच जुन्या छोट्या विमानातून पुन्हा केला. एक इंजिन, खाली मैलोन्‌मैल मीठ आणि चिखल. त्यांना खाली काय दिसले असेल याचा विचार करीत आम्ही पट्टा आवळला. आमच्या विमानात मात्र पावणेदोनशे माणसे होती आणि त्यातली निम्मीअधिक खिडकीचे झाकण ओढून झोपली.

खिडकीतून फोटो काढणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विमानाची खिडकी काचेची नसते, ती जाड प्लास्टिकची असते आणि एकामागे एक असे तीन पडदे असतात. मधल्या पडद्याला तळाशी एक बारीक भोक असते, त्याभोवती कधी कधी बर्फाची नक्षी धरते. कॅमेऱ्याने त्या नक्षीवरच नेम धरला तर वाळवंट गेले. म्हणून नेम दूरवर पक्का करून ठेवावा. लेन्स खिडकीच्या अगदी जवळ न्यावी पण टेकवू नये, कारण विमानाची थरथर तिच्यात उतरते. आतल्या उजेडाचे प्रतिबिंब पडते, त्यासाठी आईची काळी शाल आम्ही खिडकी आणि कॅमेरा यांच्यावर धरली. शेजारच्या रांगेतला एक गृहस्थ आम्हाला जादूगार समजून बघत होता. चकाकी मारण्यासाठी पोलरायझर नावाचा फिल्टर लावतात, तो इथे लावू नये. प्लास्टिकच्या ताणामुळे फोटोत इंद्रधनुष्याचे पट्टे येतात.

उजेडाविषयी एवढेच सांगतो की डिसेंबर चांगला. वाळूच्या टेकडीचा आकार तिच्या सावलीने कळतो. मे महिन्याच्या दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा वाळवंट इस्त्री केलेल्या चादरीसारखे सपाट दिसते. डिसेंबरात त्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य चाळीस अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे प्रत्येक उंचवट्याला, प्रत्येक बांधाला, खेजडीच्या एकेका झाडाला लांब सावली असते. हे झाड आम्ही दहा किलोमीटर उंचीवरून ठिपक्यासारखे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच खाली बसून चहा प्यालो.

कायद्याचेही बोलले पाहिजे. आमचे काही मित्र विमानातून फोटो काढणे हा गुन्हा समजतात. पूर्वी परवानगी लागत असे, हे खरे. २००४ सालच्या परिपत्रकाने प्रवाशाला विमानाच्या आतून फोटो काढण्याची मुभा दिली आणि सप्टेंबर २०२० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. इतरांना त्रास होऊ नये, उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाध येऊ नये, या अटी आहेतच. पण जैसलमेर, जोधपूर, भूज ही ठिकाणे हवाई दलाची. तिथे उतरताना, चढताना आणि जमिनीवर असताना कॅमेरा पिशवीत गेला पाहिजे. मे २०२५ मध्ये तर पश्चिम सीमेजवळच्या अशा विमानतळांवर दहा हजार फुटांखाली खिडक्यांची झाकणेच बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता. हवाई सुंदरीने सूचना दिली की हुज्जत घालू नये.

आता पाहिले काय ते.

गुजरातचे मैदान संपता संपता डावीकडे हिरवा रंग एकदम थांबतो. जणू कोणी फडक्याने पुसून काढला. पुढे राखाडी-पांढरे, मध्येच गुलाबी झाक असलेले सपाट पसरते, त्याला ना रस्ता ना झाड. हे कच्छचे छोटे रण, सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर. पावसाळ्यात इथे पाणी भरते, दिवाळीच्या सुमारास ओसरते. मग त्या पांढऱ्या पटावर चौकोन दिसू लागतात, वहीच्या पानासारखे रेखीव, काही निळसर, काही दुधी, काही तपकिरी. प्रत्येक चौकोन म्हणजे मिठाचा वाफा. जमिनीखालचे खारे पाणी उपसून त्यात सोडतात, ते आटत जाते तसा रंग बदलतो. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला कोणाचे मीठ किती तयार झाले तेही कळावे. अगरिया कुटुंबे पाणी ओसरल्यावर मुलाबाळांसह तिथे जाऊन राहतात ती उन्हाळा संपेपर्यंत. वाफ्याच्या कडेला एक ठिपका दिसला तर ते त्यांचे खोपटे.

आता एक गोष्ट आमच्यासारख्या सात-बाऱ्याच्या मागे हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला चटका लावणारी. या रणाची जमीनमोजणी झालेली नव्हती. सरकारी दप्तरात त्याची ओळख 'सर्व्हे नंबर शून्य'. १९७० च्या दशकात ते रानगाढवांचे अभयारण्य झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मीठ पिकवणाऱ्या माणसाला ही माझी जागा असे दाखवायला कागद नाही. आणि वरून पाहावे तर चौकोन इतके स्पष्ट, की तलाठ्याला साखळी टाकण्याचीही गरज पडू नये.

रणाच्या पलीकडे, दूर धुरकटात, एक काळा-निळा तुकडा सूर्यप्रकाशात चमकून गेला. ते पाटण जिल्ह्यातल्या चारणकाचे सौरऊर्जा केंद्र असावे. एप्रिल २०१२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. त्याचा फोटो नीट आला नाही, धूळ आड आली.

मग लुणी नदीचे पात्र येते. ही अरवलीत अजमेरजवळ उगम पावते आणि समुद्राला न मिळता रणातच जिरून जाते. वरून पाहिली तर पाणी नाहीच, वाळूची रुंद, फिकट वेणी. तिच्या पुढे थर सुरू होते. आमच्या मनात वाळवंट म्हणजे सिनेमातल्यासारख्या गुळगुळीत टेकड्या. तशा टेकड्या फार थोड्या. बहुतेक ठिकाणी वाळूचे ढीग घोड्याच्या नालेच्या आकाराचे, एकमेकांत गुंतलेले, आणि सगळ्या नालांची तोंडे एकाच बाजूला, नैर्ऋत्येला. पावसाळी वारे तिकडून येतात. वारा मधली वाळू पुढे ढकलतो, कडांना झुडपांनी धरून ठेवलेले असते, म्हणून हा आकार. पाऊस न देणाऱ्या मोसमी वाऱ्याने जमिनीवर आपली सही मात्र करून ठेवली आहे. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. आमच्या सांताक्रूझ वेधशाळेने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदवला. त्या दिवशी आमच्या वस्तीत छातीइतके पाणी होते. जैसलमेरची चार-पाच वर्षे एका दिवसात आमच्या घरात शिरली, असे लेकीने गणित मांडले.

आई इतका वेळ काही बोलली नव्हती. फोटोसाठी आम्ही वाकत होतो, ती अंग चोरून बसत होती. बाडमेरच्या सुमारास ती म्हणाली, "आरं, ह्यो तर आपला माणदेश." आम्ही म्हणालो, "आई, हे वाळवंट आहे." तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले. थोड्या वेळाने बोटाने खिडकीवर टकटक करून म्हणाली, "त्या वाटा बघ. समद्या एकाच जागी जात्यात. तितं पाणी हाय."

आम्ही पाहिले. खरोखर, त्या तपकिरी विस्तारात केसासारख्या बारीक फिकट रेषा होत्या. आठ-दहा दिशांनी येऊन त्या एका काळसर ठिपक्याशी मिळत होत्या, जणू चाकाच्या आऱ्या तुंब्याला. गुरे रोज एकाच पाणवठ्यावर येतात, त्यांच्या खुरांनी या वाटा पडतात, आणि पाणवठ्याजवळ सगळा पाला खाल्ला गेल्याने तिथली जमीन वेगळ्या रंगाची होते. पुस्तकात हे असेच दिले आहे. आईने पुस्तक वाचलेले नाही. तिने डोक्यावर हंडा घेऊन या वाटा चालल्या आहेत. पुढे मग ती आमची वाटाडी झाली. "ती बग, अजून एक." "ह्या वाटंनं आता कुणी जात न्हाई, मोडल्याली दिसती." मोडलेली वाट वरून कशी ओळखायची ते तिने सांगितले. तिची कड भुरकी होते, झुडपे आत सरकतात. आमच्या त्या प्रवासातल्या साठ-सत्तर फोटोंपैकी जे बरे म्हणता येतील, ते सगळे आईने बोट दाखवल्यानंतरचे.

आणि तिने एक प्रश्न विचारला. "त्या पान्यावर समद्यांना भरू देत असत्याल का?"

वाचकांना या प्रश्नाचा खुलासा करण्याची गरज नाही. दहा किलोमीटर उंचीवरून वाट दिसते, पाणी कुठे ते कळते. वाटेवरच्या कोणाला काठावर थांबवतात ते दिसत नाही.

उंचावरून काढलेल्या फोटोचे मोठे काम जगात झाले आहे. स्वित्झर्लंडचे जॉर्ज गर्स्टर यांनी विमानातून वाळवंटांचे, शेतांचे, जुन्या नगरांचे फोटो काढण्यात आयुष्य घालवले. २०१९ साली ते वारले. त्यांच्या फोटोंत शेताचा एकेक बांध दिसतो, म्हणजे बांध घालणारा माणूस दिसतो. पण वरच्या फोटोचा दुसराही उपयोग होतो. आपल्या देशात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून 'पडीक जमिनींचा नकाशासंग्रह' तयार करतात. पहिला २००० साली निघाला, त्यानंतर २०१९ पर्यंत त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्यात थरच्या वाळूचा मोठा भाग 'पडीक' या खान्यात पडतो. 'पडीक' हा शब्द मराठवाड्यातल्या आमच्या बांधवांना पाठ आहे. गायरानावर ज्यांनी दगड वेचून ज्वारी पिकवली, त्यांना दप्तर अनेक वर्षे हेच सांगत आले की जमीन पडीक आहे आणि तुम्ही अतिक्रमक आहात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनींसाठी झाले. तेव्हा वरून रिकामी दिसणारी जमीन खरोखर रिकामी आहे काय, ही शंका आमच्या लोकांना आधी यावी हे साहजिक आहे.

जैसलमेरात आम्ही चार दिवस होतो. किल्ला, हवेल्या, समची वाळू यांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत, ती इथे पुन्हा करीत नाही. किल्ल्यात अजून माणसे राहतात आणि त्यांच्या सांडपाण्याने त्याचा पाया खचतो आहे, एवढे पाहण्यासारखे. आम्ही गाडी केली ती वरून दिसलेल्या खुणा खालून पाहण्यासाठी. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक, हे खाली उतरल्यावर पटते. दर काही किलोमीटरवर ढाणी असते, म्हणजे चार-सहा घरांची वाडी. घराजवळ टांका असतो, जमिनीत बांधलेली गोल टाकी, वर झाकण. भोवतालची जमीन तिच्याकडे उतरती करून चोपून घट्ट केलेली, तिला आगोर म्हणतात. पावसाचा थेंब न्‌ थेंब त्या उतारावरून टाक्यात. वरून आम्ही ज्याला फिकट गोल डाग समजत होतो, ते आगोर. काही ठिकाणी खडीन दिसले, उताराला आडवा लांब बांध. पावसाचे पाणी त्यामागे अडते, जिरते, आणि त्या ओलीवर गहू-हरभरा निघतो. आईने बांधावरून चालत जाऊन माती हातात घेतली, चुरली आणि बरी आहे असे सांगितले.

ओरणही पाहिले. आपल्याकडे देवराई तसे ते. देवाच्या नावाने राखलेले चराऊ रान. झाड तोडायचे नाही, गुरे मात्र सगळ्यांची चरतात. यांपैकी बऱ्याच जमिनींची दप्तरात ओरण म्हणून नोंद नाही. म्हणून पवनचक्क्या आणि सौरऊर्जेचे प्रकल्प येऊ लागले तसे गावकऱ्यांना नोंदीसाठी धावाधाव करावी लागते आहे. विमानातून पवनचक्क्यांचे फोटो फार देखणे आले, पांढऱ्या फुलांची रांग जशी. त्यांच्यामधल्या विजेच्या तारा मात्र एकाही फोटोत दिसत नाहीत. त्या माळढोकालाही वेळेवर दिसत नाहीत. जड पक्षी, समोरचे कमी दिसते, तारांना आपटून मरतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचे नाव ज्या पक्ष्यामुळे झाले तोच हा. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या तारा जमिनीखालून नेण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये त्या आदेशात बदल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. वीजही हवी आहे, हे आम्हीही जाणतो. आमच्या घरी पंखा वर्षभर फिरतो.

एका ढाणीशी गाडी थांबली. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. रस्त्यालगत एक टांका, पांढरा चुना दिलेला. तिथून दोनशे पावलांवर, बाभळींच्या आड दुसरा, तसाच, पण चुना नसलेला. आईने ड्रायव्हरला विचारले, दोन कशाला? तिचे हिंदी मुंबईचे, पण त्याला समजले. तो आरशात न पाहता म्हणाला, "सबकी अपनी-अपनी है, माताजी." आईने पुढे काही विचारले नाही. खाली उतरून ती त्या दुसऱ्या टांक्याकडे चालत गेली. तिथे एक म्हातारी बसली होती. दोघींची भाषा एक नव्हती. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. आम्हाला गाडीतून हातवारे तेवढे दिसले. परत आल्यावर आई म्हणाली, पाणी गोड आहे, आणि तिचा मुलगा मुंबईला आहे, भिवंडीला. म्हातारी भिवंडीला मुंबईच समजते. आईने तिला आमचा फोन नंबर चिठ्ठीवर लेकीकडून लिहवून दिला. त्या जागेचा फोटो आम्ही काढला नाही. आई नको म्हणाली.

परतीचे विमान दुपारनंतरचे होते. येताना उजवी बाजू घेतली तर मावळता सूर्य त्याच बाजूला येतो आणि रण तांब्याच्या परातीसारखे दिसते. पण फोटोत उजेडाचा लोळ शिरतो, म्हणून तिथे आम्ही कॅमेरा ठेवून नुसते पाहिले. मुंबई जवळ आली तेव्हा अंधार पडायला थोडा वेळ होता. विमान पूर्वेकडून खाडी ओलांडून आत येते तेव्हा उजव्या खिडकीतून मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गचा किनारा दिसतो. तिथे लेकीने बोट दाखवले. पुन्हा तेच चौकोन. रणातल्यासारखेच रेखीव, काही पाण्याने भरलेले, काही खारफुटीने निम्मे गिळलेले. ही आपल्या उपनगरांची मिठागरे. बहुतेक ठिकाणी मीठ पिकवणे थांबले आहे, बांध मात्र अजून उभे आहेत. वरून पाहणाऱ्याला त्या मोकळ्या जागा वाटतात. भरतीचे आणि पावसाचे पाणी त्याच जागा पोटात घेतात, हे २००५ साली पाण्यात उभ्या राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. आम्ही परतल्यावर पुढच्याच वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरात, राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला. आमच्याकडे त्या चौकोनांचे तीन फोटो आहेत. तिसऱ्यात पंखा आडवा आला आहे, पण बांधावरून चालणारा एक माणूस त्यात दिसतो.